पुस्तकांची लग्नं जुळवणारे दिवेकर

दिवेकरकाकांची आणि माझी पहिली गाठ सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडली. वर मेसेज होता, ‘टँकर आला का?’ खाली होता, ‘अजून नाही, चेअरमन फोन उचलत नाहीत.’ आणि या दोहोंच्या मधे एक लांबलचक टिपण. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीचं एका सतारीच्या अल्बमशी लग्न का लागू शकत नाही, याबद्दल. ‘सतार पहिली वीस मिनिटं एकाच स्वराभोवती फिरते, पण तिला कुठे जायचं आहे ते तिला ठाऊक असतं. कादंबरी चारशे पानं घोड्यावर बसलेली आहे आणि घोडा तबेल्यात आहे. गुण साडेनऊ. शिवाय नाडीदोष. स्थळ नाकारावे.’ त्याखाली कुणीतरी अंगठा दाखवला होता. तो काकांना होता की टँकरला, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दर रविवारी हे चालायचं. आठवडाभरात वाचलेल्या पुस्तकावरची टिपणं, मग आपल्या लाडक्या रेकॉर्डींपैकी एकीचं परीक्षण, आणि शेवटी दोघांची पत्रिका. छत्तीसपैकी गुण. अठराच्या खाली लग्न नाही. पत्रिकेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते म्हणायचे, “आमचे एकतीस गुण जुळले होते. हिने जन्मात एक रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकली नाही.” मग हा उद्योग कशाला, असं विचारलं की उत्तर तयार असे. “पुस्तक एकटं भेटलं की प्रत्येक पुस्तक बरं वाटतं हो. चांगल्या गाण्याशेजारी बसवा. मग कळतं, किती पाण्यात आहे.”

काका जन्मले आणि निवृत्त झाले पेठेत. मुलाने वाघोलीला फ्लॅट घेतला म्हणून त्यांना इकडे यावं लागलं. महिन्यातून एकदा ते रिक्षाने बाहेर पडत आणि परत आल्यावर सांगत, “पुण्यात जाऊन आलो.” मी एकदा विचारलं, मग आत्ता आपण कुठे आहोत? “वनवासात,” ते म्हणाले, “पण लिफ्ट आहे.”

त्यांचा हा वनवास आमच्या रानात होता. जिथे बी विंगचा जिना आहे, तिथे आमची ज्वारी असायची. जमीन बिल्डरला गेली, बदल्यात पैसे आणि दोन फ्लॅट आले, आणि त्याच पैशातून मी शिकलो. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. हे मी कुठेही सांगतो आणि न विचारता सांगतो, कारण ज्यांच्या पणजोबांपासून सगळे पदवीधर आहेत, तेही न विचारताच सांगतात.

काकांची जीभ सगळ्यांना सारखी लागायची, हे मात्र मान्य करायला हवं. चौथ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाने ग्रुपवर त्यांना विचारलं होतं की, काका, मी ऑडिओबुक आणि बॅकग्राउंडला म्युझिक असं एकाच वेळी ऐकतो, चालेल ना? काकांनी लिहिलं, ‘चालेल की. हल्ली लग्नाआधीच एकत्र राहतात.’ मुलाने हसरे चेहरे पाठवले. त्याची आई मात्र महिनाभर काकांशी बोलत नव्हती, कारण त्यांच्या घरात ती गोष्ट पुस्तकांपुरती नव्हती.

अशा माणसाच्या हातात मी माझं पहिलं पुस्तक दिलं. कथा होत्या, जमिनी विकून रिकाम्या झालेल्या माणसांच्या. वर्तमानपत्रवाले काय म्हणतील, याची मला फिकीर नव्हती. मला काकांचे गुण हवे होते. आपण लेखक आहोत की नुसते लिहायला शिकलेले आहोत, हे दुसरं कुणी तोंडावर सांगणार नव्हतं.

रविवारी टिपण आलं. काकांनी माझ्या पुस्तकाचं लग्न हलगी आणि संबळाच्या एका लोकवाद्यांच्या अल्बमशी लावलं होतं. ‘मातीचा अस्सल वास. रांगडा जोम. गुण तेहेतीस.’ इतके गुण त्यांनी कुणालाच दिले नव्हते. ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागली. चेअरमननेसुद्धा हात जोडले, जे तो टँकरच्या बाबतीत कधी करत नाही.

मी तडक वर गेलो. प्रकाशकाने माझ्या मुखपृष्ठावर एक बैल टाकला होता. आतल्या कथांमध्ये बैल एकही नाही, जेसीबी तीन आहेत. मातीचा वास यायला माती शिल्लक लागते.

“काका, पुस्तक वाचलंत?”

“चाळलं.” खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

“बाकी पुस्तकांना वाचून नापास करता आणि मला न वाचताच पास केलंत. गावाकडचं पोर दिसलं, हलगीला देऊन टाकलं. तुमच्या पत्रिकेतपण आधी जातच बघतात वाटतं.”

काकांनी मला खुर्ची पुढे केली आणि साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं, “आपल्या घरी काय ऐकत असत?”

मी त्यांना खाली पार्किंगमध्ये नेलं. तिथे माझ्या वडिलांचा, अण्णांचा, जुना ट्रॅक्टर उभा असतो. रान गेलं तरी अण्णांनी तो विकला नाही, आणि तो हलवावा म्हणून कमिटी दर सभेत ठराव करते. संध्याकाळी अण्णा त्याच्यावर बसलेले असतात. मी म्हणालो, “अण्णा, टेप लावा.”

अण्णांनी किल्ली फिरवली. घरघर झाली आणि गझल सुरू झाली. घोगरी, ओढलेली, तरी गझलच. ट्रॅक्टर सेकंडहँड घेतला तेव्हा टेपमध्ये आधीच्या मालकाची ही एक कॅसेट अडकलेली होती. नांगरट, पेरणी, ऊस कारखान्यावर नेणं, सगळं आम्ही याच एका अल्बमवर केलं. माझी बारावीसुद्धा.

काका ट्रॅक्टरच्या चाकाला हात टेकून एक बाजू पूर्ण ऐकत उभे राहिले. मग त्यांनी अण्णांना विचारलं, “काय म्हणतोय तो, कळतं का आपल्याला?”

“कोनतरी सोडून गेलंया त्याला,” अण्णा म्हणाले. “रोजच जातंय.”

“पण आवडायची का ही गाणी?”

“आवडायचा सवालच कुटं हाय? निघतच न्हवती.”

काका हसले. ओठांच्या कडेने हसणारा हा माणूस त्या दिवशी चाकाचा आधार घेऊन हसला. “जगताप,” ते मला म्हणाले, “संसाराची इतकी अचूक व्याख्या आमच्या अख्ख्या पेठेत कुणी केली नाही.” आणि माझं पुस्तक पुन्हा मागून घेऊन गेले. पहिली प्रत त्यांनी तोवर कुणाला तरी देऊन टाकली होती.

पुढच्या रविवारी टिपण आलं. ते मला पाठ आहे. ‘गेल्या रविवारचे लग्न रद्द. आम्ही मुलगा न बघताच होकार दिला होता, चूक आमची. नवे स्थळ: ट्रॅक्टरमधील गझल. हा अल्बम माझ्या आवडीचा नाही. गायक प्रत्येक ओळीला हुंदका देतो, एकावर भागले असते. लेखकालाही हीच खोड आहे, तिसरी कथा पाहावी. मात्र पाचव्या कथेतला माणूस स्वतःच विकलेल्या रानावर वॉचमन म्हणून लागतो आणि पहिल्या रात्री शिट्टी वाजवायला लाजतो. तिथे लेखक हुंदका देत नाही. ती कथा मी दोनदा वाचली. गुण अकरा. नाडीदोष आहेच. पण लग्न आधीच लागलेले आहे आणि ते निघत नाही.’

तेहेतीसवरून अकरा. ग्रुपवर कुणी अभिनंदन केलं नाही, दोघांनी तर माझं सांत्वन केलं. तिसऱ्या कथेबद्दल मी आजही सहमत नाही. पण ते अकरा गुण मी माझ्या पदवीइतकेच न विचारता सांगतो.

काका गेले ते दुपारी, आरामखुर्चीत, रेकॉर्ड संपून सुई नुसती फिरत असताना. शोकसभा क्लबहाऊसमध्ये झाली. चेअरमनने मोबाईल स्पीकरला जोडून बासरी लावून ठेवली होती, दवाखान्याच्या लिफ्टमध्ये असते तसली. ज्याने जन्मभर मोठमोठ्या कलावंतांचे नाडीदोष काढले, त्याच्या फोटोशेजारी ही. मी मनातल्या मनात गुण मोजले. पाचाच्या वर जाईनात. त्यांच्या मुलालाही ते खुपत होतं, पण सभेत बोलायचं कुणी? आम्ही शिकलेली माणसं. माना खाली घालून ऐकत बसलो.

पहिल्या रांगेत अण्णा होते. त्यांनी चेअरमनला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “ती बासरी निघती का?”

“निघते की,” चेअरमन गोंधळून म्हणाला.

“मग काढा.”