कळंबची बेल जळोचीत वाजली

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. अंगारे-धुपारे उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. त्यात धंदा वायरिंगचा. करंट डोळ्यांना दिसत नाही पण टेस्टरला कळतो, एवढंच माझं अध्यात्म! तरीही लिहितोय... कारण घरात सांगायची हिंमत झाली नाही.

मी बारामतीजवळ जळोचीला राहतो. होम ऑटोमेशनची कामं करतो — घराच्या चालू वायरिंगमधूनच सिग्नल पाठवायचा, नवीन वायर ओढायची भानगड नाही. गेल्या वर्षी कळंबच्या एका तात्यांकडे असं काम केलं. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, पोरं पुण्याला, तात्या दिवसभर मागच्या गोठ्यात. काकूंनी न्हाणीघरातलं बटण दाबलं की गोठ्यात बेल वाजली पाहिजे, एवढंच काम.

त्या दिवशी गावात एक फेज गेली होती. अशा वेळी आपल्याकडे सगळे करतात तेच तात्यांनी केलेलं — चेंजओव्हर फिरवून घर-गोठा सगळं एकाच फेजवर घेतलेलं. बटण दाबलं, बेल खणखणीत वाजली. फेज परत आली की घर एका फेजवर आणि गोठा दुसऱ्या फेजवर जाणार, सिग्नल अडखळणार, हे मला ठाऊक होतं. दोन फेजमधून सिग्नल न्यायला कपलर लागतो. तो मी नेलाच नव्हता. चहा प्यायलो आणि निघालो.

चार दिवसांनी तात्यांचा फोन. "इंजिनिअर, बेल कवा वाजती, कवा न्हाय. येऊन बघता का?"

"इन्व्हर्टरमुळे होत असेल. तो बंद ठेवून बघा," मी ठोकून दिलं. परत कळंबला जायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी साडेतीनला माझ्या टेबलावरची बेल वाजली. टेस्टिंगसाठी ठेवलेली, कळंबच्याच कोडची, म्हणजे फक्त तिथल्या बटणाला वाजणारी. त्या कोडचं बटण माझ्याकडे नव्हतंच. आणि हा सिग्नल साधा ट्रान्सफॉर्मर ओलांडत नाही, तीसेक किलोमीटर कुठून येणार? पुन्हा वाजली. मग तिसऱ्यांदा... लांबलचक. मी फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होतो. वैतागून प्लग उपटला.

संध्याकाळी तात्यांचा फोन आला. काकू न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला. धारा काढून साडेपाचला ते घरात आले तेव्हा कुठे कळलं. दोन तास ओल्या फरशीवर...

बारामतीला दवाखान्यात गेलो तेव्हा काकू तात्यांना सांगत होत्या, "साडेतीन वाजलं व्हतं वो. तीनदा दाबलं. शेवटी तर बोट सोडलंच न्हाय."



तात्या माझ्याकडे वळले. डोळे भरलेले. "चूक माझी हाय. तुमी सांगितलं व्हतं इन्व्हर्टर बंद ठेवा म्हणून. मीच इसरलो."

आणि मी काय म्हणावं? "असू द्या तात्या, होतं असं माणसाकडून."

दुसऱ्याच दिवशी जाऊन कपलर बसवला. माझ्याकडची बेल खोलून पाहिली, जाणकारांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही. तात्या मात्र भेटेल त्याला स्वतःची चूक सांगत फिरतात. रविवारी कळंबला जाऊन त्यांना खरं सांगायचं, असं मी दर शनिवारी ठरवतो.