एकवीस भुतांचे सिनेमे आणि दादाची मनगटं

टीव्हीवर भुताचा सिनेमा लागला की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. तिथेही आवाज यायचा, म्हणून मग विहिरीवर. वयाची बावन्न वर्षं अशीच काढली. पुढची वर्षंही तशीच गेली असती, पण दादाने माझ्या जावयासमोर ती गोष्ट सांगितली.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. मुंबईला असतो, चतुर्थीला गावी येतो. मीही सासरहून एक दिवस माहेरी जाते. दुपारची जेवणं झाली, पानाचं तबक फिरलं, की दादा सुरू होतो. मी सात वर्षांची, तो तेराचा. गावची जत्रा, देवळापुढे दशावतार, आणि काळ्या कपड्यांतला, हातभर लाल जिभेचा संकासूर. "संकासुरान नुसती मान हलवल्यान, आणि ह्या फ्रॉक भिजवून मोकळा!" सगळे हसतात, मीही हसते. घरात नवी सून आली की तिला पुढे बसवून सांगतो. माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याला सांगितली होती. मी बावन्नची झाले त्या वर्षी माझा जावई पहिल्यांदा आला होता. त्याने हसता हसता माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन मी दादाच्याच नातीला फोन केला. ती नववीत आहे आणि भुताचे सिनेमे तिला तोंडपाठ. म्हटलं, एकवीस नावं दे. जुने, नवे, इकडचे, परदेशातले, ज्यांना भिऊन लोक उठून गेले असतील असेच. गणपतीला मोदक एकवीस, दूर्वा एकवीस, म्हणून हेही एकवीस.

"आत्याआजी, तू बघणार?" ती ओरडलीच.

"मीच. आणि आजोबांना एक अक्षर सांगायचं नाही."

धीर गोळा करता करता मे महिना उजाडला. पहिला सिनेमा मी बोटांच्या फटीतून बघितला. तो मोजला नाही, स्वतःला फसवून काय मिळणार? दुसऱ्या दिवशी नवरा दुकानात गेल्यावर मी टीव्हीसमोर रातांब्यांची पाटी घेऊन बसले. आमसुलं करायची म्हणजे फळं फोडायची, बिया काढायच्या. कोपरापर्यंत हात लाल आणि चिकट होतात. असले हात डोळ्यांवर नेता येत नाहीत, कानांवर तर नाहीच. एका बंद खोलीचं दार हळूहळू उघडत होतं, आणि मी रातांबे फोडत होते, मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत. तेवढ्यात शेजारीण मागच्या दाराने आत आली आणि माझे हात बघून किंचाळली, "अगो बाये, काय केलंस गो ह्या?" सिनेमातल्यापेक्षा ती किंकाळी बरी होती. तो सिनेमा मात्र मोजला.

रातांबे संपेपर्यंत अकरा झाले. रामरक्षा सातव्यालाच सुटली. भीती गेली असं नाही, पण ती येते कुठून ते दिसायला लागलं. चांगल्या सिनेमात भूत फारसं दिसतच नाही. दिसतं ते भूत बघणाऱ्याचं तोंड. भूत उभं करायला खर्च येतो, तोंड फुकट मिळतं.

नवव्या सिनेमात एक माणूस बायकोला धरून आरशासमोर उभं करतो. ती किंचाळते आणि तो आरशाकडे बघतच नाही, तिच्याकडे बघतो. माझ्या हातातला रातांबा खाली पडला. जत्रेतलं सगळं मला आठवलं. दादा संकासुराकडे पाठ करून माझ्यासमोर उभा होता. त्याने माझी दोन्ही मनगटं घट्ट धरली होती, मला डोळे झाकता येऊ नयेत म्हणून. मी "सोड रे, दादा सोड" म्हणत होते. पंचेचाळीस वर्षं तो ही गोष्ट सांगत होता आणि मनगटांचं एकदाही बोलला नव्हता. त्याने त्या दिवशी संकासूर पाहिलाच नव्हता. मी मात्र पुरता पाहिला.

उरलेले दहा सुकट निवडत निवडत बघितले, आणि रागाच्या भरात बघितले.

चतुर्थीला जेवणं झाली. दादाने घसा खाकरला. मी म्हटलं, यंदा गोष्ट नको, सिनेमा बघूया. नातीने एकविसांतला सगळ्यात भयानक लावला. दादा हसत पुढे बसला. पाच मिनिटांत त्याचा हात चष्म्याकडे गेला, मग कपाळावर, मग डोळ्यांवर. मी पाट घेऊन त्याच्यासमोर बसले, टीव्हीकडे पाठ करून, आणि त्याची दोन्ही मनगटं धरली. सगळ्यांना गंमत वाटली. माझ्या बोटांखाली त्याची नाडी उडत होती. मागे कोणीतरी किंचाळलं, आणि मी त्याचं तोंड बघत राहिले. आपला भाऊ असा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

"सोड गो," तो हळूच म्हणाला. "बाय, सोड."

मी सोडलं नाही. तो प्रसंग संपेपर्यंत धरून ठेवलं. मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

"आजोबा, तुम्ही घाबरलात?" नात म्हणाली आणि सगळं घर हसलं. दादाही हसला, मान खाली घालून, कान लाल करून. ते हसणं मी ओळखलं. दर चतुर्थीला त्याच जागी बसून मी तसंच हसत आले होते.

तेव्हापासून दादा गोष्ट सांगत नाही. जेवणं झाली की दादा घाबरल्याची गोष्ट मी सांगते, मनगटं धरून दाखवते. यंदा वहिनी मला आत घेऊन गेली. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "पुरे झाला गो आता. अजून किती वर्षां सांगतलंस?"

"पंचेचाळीस," मी म्हटलं. "तीन झाली. बेचाळीस रवली."