वर्गात लावलेले इंग्रजांचे कायदे

मंडळी, आज माझी चांगलीच जिरली.

बुलडाण्याजवळच्या खेड्यात मी आठवीला इतिहास शिकवते. इंग्रजांच्या जाचक कायद्यांमुळे साधी माणसं क्रांतीकडे कशी वळली, हे पोरांना स्वतः कळावं म्हणून सकाळीच फळ्यावर तीन 'कायदे' लिहिले. चौघांनी एकत्र उभं राहायचं नाही. कारण विचारायचं नाही. एकाची चूक झाली तर अख्ख्या बाकाला शिक्षा.

वाटलं, मधल्या सुट्टीपर्यंत पोरं पेटून उठतील. एकाची वही नव्हती, तर मी सगळा बाक उभा केला. कोणी हूं की चूं केलं नाही.

शेवटी मीच विचारलं, "काऊन रे, कोणालेच राग नाही आला?"

दुसऱ्या बाकावरची वैष्णवी उठली. "मॅडम, कायदे लागू झाले व्हते काय? आमाले त वाटलं, रोजच्यावानीच चालू हाय."

वर्ग हसला. मीही हसले, पण घरी आल्यापासून जेवण गोड लागत नाहीये.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गातली पोरं काय म्हणाली असती?

आणि एक सांगायचं राहिलं. ते तीन कायदे मी पुस्तकातून घेतले नव्हते. खडू हातात घेतला आणि आपोआप सुचले.