बोटीवर राहून गेलेला शिमगा

दगडू परब जमादार झाला तेव्हा लालबागच्या चाळीत त्याच्या बायकोने, गुणवंतीने, घरोघरी साखर वाटली. दगडू मात्र घुम्यासारखा बसून होता. पलटणीत इतकी वर्षं काढली, पण छावणीचे पहारे आणि कवायती यापलीकडे लढाई अशी त्याने पाहिलीच नव्हती. आता तीसेक माणसं त्याच्या शब्दावर पुढे जायची होती. त्यात अठराशे शहाण्णव साली पलटणीला हुकूम आला तो थेट आफ्रिकेचा. तिकडच्या किनाऱ्यावर कुणा सरदाराने इंग्रजांविरुद्ध बंड केलं होतं.

शिमगा भर समुद्रातच आला. तुकडीतले बहुतेक जण रत्नागिरीकडचे, त्यांचा जीव कासावीस झाला. आगबोटीवर होळी कोण पेटवू देणार? नाईक रामचंद्र तोंड पाडून म्हणाला, “जमादारसाहेब, बोंब न मारता शिमगा गेला, असा जन्मात पहिल्यांदाच.”

“मार की इथे,” दगडू म्हणाला.

“नको. कप्तानाला वाटायचं बोट बुडाली.”

उतरल्यावर काही दिवसांनी दगडूच्या तुकडीला एका पाणवठ्याची वाट मोकळी करायला पाठवलं. काटेरी रान इतकं दाट, की पुढच्या माणसाची पाठ सोडली तर काही दिसेना. ऊन कलायला लागलं आणि समोरून धडाधड गोळ्या सुटल्या. झाडीपलीकडे लाकडी ओंडके रोवून केलेला बंडखोरांचा मेढेकोट होता. सगळे भुईवर आडवे पडले. शिवा नावाच्या शिपायाच्या मांडीत गोळी घुसली.

दगडूची जीभ टाळ्याला चिकटली. तीस माणसं त्याच्या हुकुमाची वाट पाहत होती. सरपटत तो शिवापाशी गेला, आपला फेटा सोडून त्याची मांडी करकचून बांधली. हाताला काम मिळालं तशी छातीतली धडधड जरा बसली.

“मागे जाऊ या?” रामचंद्राने विचारलं.

“याला उचलून? पाठीवर गोळ्या घेत?” दगडूने मान हलवली. उलट बार काढून काढून काडतुसं थोडी उरली होती. मागून कुमक यायची तर अंधार पडणार. समोरच्यांना मात्र आपण किती आहोत हे या झाडीत दिसत नव्हतं. हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो एकदम हसला. रामचंद्राला वाटलं, जमादार बिथरला.

“रामचंद्रा, तुझा शिमगा राहिलाय ना?”

“आता?”

“आता नाही तर कधी? दोन बाजूंना पांगा. मी बोंब ठोकली की सगळ्यांनी ठोकायची, बंदुकीचा एक बार काढायचा आणि संगिनी रोखून धावायचं. शिव्या गावातल्या चालतील!”

शब्द तोंडातोंडी पुढे सरकला. मग दगडूने तोंडावर हात मारून अशी बोंब ठोकली, की झाडावरची पाखरं उधळली. पाठोपाठ दोन्ही अंगांनी रान उठलं. कुणी पाण्याचे डबे बडवत होता, कुणी शत्रूच्या सात पिढ्या उद्धरत होता. पडल्यापडल्या शिवाही बोंबलत होता. मेढेकोटातून चार-दोन गोळ्या आल्या, मग त्याही थांबल्या. दगडू कुडावरून आत उडी टाकतो तर आत चिटपाखरू नाही! पलीकडचं दार सताड उघडं, आणि चुलीवर कसलंसं कालवण रटरटतंय.

रामचंद्राने बोट बुडवून चाखलं. “नारळाचं आहे!” मग कोण ऐकतो?

कुमक घेऊन इंग्रज कप्तान आला तेव्हा तुकडी जेवत होती. त्याने दगडूचा हात हातात घेतला आणि दुभाष्यामार्फत विचारलं, “कोणत्या देवाचा जयघोष केलात?”

“देवाचा नव्हता, साहेब,” दगडू लाजून म्हणाला. पुढचं भाषांतर दुभाष्याने काही केलं नाही.

पावसाळ्याआधी पलटण मुंबईला परतली. शिवा लंगडत होता, पण स्वतःच्या पायांनी उतरला. त्या संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत सगळे जमले. शेजारची मालन कोळीण कोलंबीची टोपली घेऊन आली ती तिथेच बसली. दगडूने सारं सांगितलं, जीभ टाळ्याला चिकटल्याचंही. गुणवंतीने पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं त्याला वाटलं, पण हसून हसून तिला ठसका लागला होता.

“परमुलखात जाऊन बोंब मारलीत?”

“मारली.”

“आणि माणसं?”

“सगळी आली.”

“मग कशी मारलीत ते दाखवा तरी!”

दगडूने इकडेतिकडे पाहिलं, तोंडावर हात नेला, आणि खालच्या रस्त्यावरचे टांग्याचे घोडे बुजले.