कडीला बांधलेली चिंधी

नाशिकरोडला चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि मी घरी ब्लाऊज शिवायची. कुठल्या क्लासात शिकले नाही हं. एक जुना ब्लाऊज उसवला, त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून आखले, तीच माझी शाळा. यजमान कारखान्यात पाळीला जायचे आणि बाया दिवसभर यायच्या. "वहिनी, हात रिकामा आहे का?" असं विचारेपर्यंत आतच आलेल्या असायच्या. मशीनवर बसले की त्याचं काही वाटायचं नाही, पाय चालतो तसं तोंडही चालतं. पण कापताना बोललं की घात होतो.

तसा झालाच. शेजारच्या मास्तरीणबाईंचा जरीचा खण फरशीवर पसरला होता आणि एक जण बटणं मागायला आली. तिच्याशी बोलता बोलता मी दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या! साध्या कापडाची बाही उलटी करून लावता येते, पण जरीला सुलट बाजू एकच. काखेत जोड देऊन कसंबसं निभावलं. मास्तरीणबाईंच्या तोंडाकडे मला बघवेना.

मग मी दाराच्या कडीला लाल चिंधी बांधायला लागले. चिंधी असली म्हणजे कापणं चालू, कुणी हाक मारायची नाही. सोडली की या खुशाल.

त्याच वर्षी सासूबाई इगतपुरीकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सासरे गेल्यावर तिथे त्या एकट्याच उरल्या होत्या. चिंधी बघून म्हणाल्या, "का गं, कलेक्टरीणबाई झालीस का? आता माणसानं अर्ज करून घरात यायचं?" पण चार दिवसांत त्या स्वतःच ओट्यावर बसून राखण करू लागल्या. "चिंधी लागलीय. दिसत नाय? मागनं ये." बाया मला भ्यायच्या नाहीत, त्यांना भ्यायच्या. मला बरंच झालं. त्या दुपार दुपार बाहेर का बसतात, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

एका दुपारी कापून झालं, मशीनवर बसले आणि चिंधी सोडायची राहिली. दोन ब्लाऊज उरकले. आज कुणीच कसं आलं नाही, म्हणून दार उघडलं, तर सासूबाई पायरीवर पाय लांब करून बसलेल्या. घोटा टम्म सुजलेला. नळावर घसरल्या होत्या, भिंतीला धरधरून दारापर्यंत आल्या आणि तिथेच बसून राहिल्या.

"अहो आई, हाक मारायची ना!"

"चिंधी होती ना."

"ती काय तुम्हाला होती?"

"मला काय ठावं? तू सांगितलंस कधी?"

रागानं नाही, अगदी साधं विचारावं तसं म्हणाल्या. मी हळद गरम करून लेप लावला, पण मान वर करवेना. गावी त्यांना बोलायला कुणी नाही म्हणून आम्ही त्यांना आणलं, आणि मी त्यांना दाराबाहेर बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी चिंधी बांधायच्या आधी त्यांचा पाट आत घेतला. "इथे बसा, कापडाचं टोक धरा." त्यांनी टोक घट्ट धरलं आणि ओठ त्याहून घट्ट मिटले. कात्री थांबली की हळूच, "आता बोलू?"

"बोला."

मग भाताची लावणी, सासऱ्यांचे रुसवे, एका खोडकर वासराची गोष्ट, सगळं यायचं. पुढे पुढे मी कात्री चालू असतानाच "बोला" म्हणायला लागले.

व्हायचं तेच झालं. दिवाळीला त्यांच्याच चोळीचं बारीक फुलांचं छीट कापायला घेतलं आणि दोन्ही बाह्या उजव्या! मी कपाळाला हात लावला. त्या मात्र इतक्या हसल्या की ठसका लागला. काखेत जोड दिला, तर ती चोळी घालून चाळभर फिरल्या. मास्तरीणबाईंच्या दारात उभ्या राहून, हात वर करून जोड दाखवत म्हणतात कशा, "बघा, आमच्या सूनबाईला माझं बोलणं लय गोड लागतं!"