यादीतली सुधा

आईला मी दोनदा गमावलं, आणि दुसऱ्या वेळी चूक सर्वस्वी माझी होती.

गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमधला जुना कॉम्प्युटर आईचा. दुपारचं जेवण आवरलं की ती त्यावर रंगीत गोळ्या फोडायचा एक विंडोज गेम खेळायची. ती गेली, तरी गेममधल्या यादीत पहिल्या नंबरावर ‘सुधा’ तशीच होती. बाबा (केंद्र सरकारातून निवृत्त) रोज खेळायचे, हरायचे आणि यादी उघडून म्हणायचे, "अजून पुढेच आहे बघ ही!"

पण कॉम्प्युटर इतका रखडायला लागला की तो सुरू होईपर्यंत बाबांचा चहा निवायचा. मी पडलो लिनक्सचा भक्त! म्हटलं, "बाबा, विंडोज काढून लिनक्स टाकतो. एकदम मक्खन चालेल."

"आणि गेम?"

"विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर असतं ना!"

"अच्छा. पण यादी राहील?"

"बिल्कुल! गेमचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलंय." (त्याच क्षणी कुणीतरी माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.)

डिस्क कोरी केली, लिनक्स चढवलं. गेम आधी उघडेना. उघडला तर आवाज नाही, आवाज आला तर अर्धं चित्र गायब! तीन रविवार झुंजलो. अखेर चालला. मी मोठ्या ऐटीत बाबांना खुर्चीत बसवलं. त्यांनी चष्मा पुसून यादी उघडली.

दहा ओळी. दहाही रिकाम्या! स्कोअर गेमच्या फोल्डरमध्ये नव्हतेच. ते विंडोजच्या पोटात भलतीकडेच होते, आणि ते पोट मी स्वतःच्या हातांनी साफ केलं होतं.

बाबांनी यादी बंद करून पुन्हा एकदा उघडली. मला रडू आलं. घाईघाईने म्हणालो, "स्कोअर आठवतोय ना तुम्हाला? फाइल उघडून दोन मिनिटांत लिहून देतो."

"बोगस एंट्री?" बाबा ताडकन म्हणाले. "तिने खेळून मिळवला होता. तू घालवलास, आता तूच खेळून भरून दे. नाव तिचं टाक."

आईचा स्कोअर एक्केचाळीस हजार. तेव्हापासून दर रविवारी मी खेळतो आणि बाबा शेजारी बसतात. परवा सहा हजारांवर माझा कारभार आटोपला, तेव्हा बाबा कितीतरी महिन्यांनी हसले.

"राहू दे यार," ते म्हणाले, "तुझ्या भरवशावर ती यादीत यायच्या आत मीच तिच्याकडे पोचेन."

तुम्हाला वाटेल, ती यादीत येईपर्यंत तरी बाबांनी इथेच थांबावं म्हणून मी मुद्दाम हरतो. छे हो! मला खरंच त्याहून जास्त येत नाही.