बिडीचा हात

लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा गावात माझं नाव फार चांगलं होतं. सून मोठी मर्यादेची आहे, असं म्हणायचे. सासऱ्यानं अंगणात पाऊल टाकायच्या आधीच हिच्या डोक्यावर पदर येतो, आणि डोक्यावरून पार नाकापर्यंत येतो, आजकालच्या पोरींत असं कुठं पाहायला मिळते? ही कीर्ती आसेगावला माझ्या आईपर्यंत पोचली. आईला ते खरं वाटलं, याचंच मला नवल, कारण मला वाढवलं तिनंच होतं.

गोष्ट अशी की आमच्याकडे सासऱ्यानं घरात शिरताना दारातून खाकरायची रीत आहे. खाकरलं की सुना सावध होतात. आमच्या मामाजींना खाकरायची गरज कधी पडलीच नाही. त्यांच्या आधी त्यांच्या बिडीचा वास यायचा. ते विहिरीपाशी असले की वास दारात, ते दारात आले की वास चुलीपाशी. मी पदर ओढायची तो नाकावर धरायला. डोकं त्यात आपोआप झाकलं जायचं. मर्यादेचा त्यात काही संबंध नव्हता, पण लोक चांगलं म्हणत होते तर मी कशाला खोडून काढू?

आमचा मळा मंगरूळपीरच्या अलीकडे, रस्त्याला लागून. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, टमाटे. माल तोडायचा, कॅरेट भरायचे आणि शहरात हर्रासीला, म्हणजे लिलावाला पाठवायचे. शिवाय एक शेडनेट आहे, हिरव्या जाळीचा मांडव. त्यात टमाट्या-मिरचीची रोपं तयार करून आम्ही शेतकऱ्यांना देतो. पार किन्हीराजाकडून लोक रोपं न्यायला येतात. तो सगळा कारभार मामाजींचा. रोपाला हात लावायचा तो त्यांनीच. माणूस सोन्यासारखा. कधी कोणावर आवाज चढवला नाही, ताटात जे वाढलं ते मुकाट्यानं खाल्लं. बिडी सोडली तर या माणसात खोट काढायला जागा नाही. आणि बिडी ते सोडत नाहीत.

मी सांगून पाहिलं नाही असं नाही. पण आमच्या घरी सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. मी सासूबाईंना सांगायचं, सासूबाईंनी त्यांना सांगायचं, आणि हे सगळं होताना ते आमच्या दोघींच्या मधे बसलेले असायचे. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्या घरी सासूला बोललं की सासऱ्याला लागायला पाहिजे होतं, ते लागत नव्हतं. ते सासूबाईंना म्हणायचे की बिडीशिवाय पोट साफ होत नाही. आता पोटापुढं कोणाचं काय चालणार? विषय तिथं संपायचा.

माझ्यापुरतं मी चालवून घेतलं. नाक माझं, पदर माझा. पण लेक चारेक वर्षांची झाली आणि त्या हिवाळ्यात तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. खेळता खेळता पोट्टी खाली बसायची आणि खांदे वर करून श्वास ओढायची. मी हातातलं काम टाकून तिची पाठ चोळत बसायची. सासूबाईंनी घरगुती उपाय सुरू केला, ओव्याची धुरी. म्हणजे घरात होता तो धूर कमी पडत होता म्हणून आणखी थोडा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

मग वाशिमला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, पंप लिहून दिला आणि विचारलं की घरात कोणी ओढतं का. माझा नवरा ताडकन म्हणाला, नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर त्यानं मला समजावून सांगितलं की घरात म्हणजे घरात, बाबा तर ओट्यावर ओढतात. वरून डॉक्टरांच्या विचारण्याचा अर्थ सिगारेट होता, बिडी नव्हे. मी लेक त्याच्या कडेवर दिली, त्याला चपलांपाशी उभं ठेवलं आणि एकटी परत आत गेले. डॉक्टर म्हणाले, धूर काय फक्त हवेत नसतो, कपड्याला बसतो, हाताला बसतो, गोधडीला बसतो. ओढणाऱ्यानं घरापासून दूर जायचं, हात धुवायचे, सदरा बदलायचा आणि मगच लेकराला घ्यायचं. सोडली तर सगळ्यात चांगलं.

हे सगळं मी नवऱ्याला शब्दाला शब्द सांगितलं, त्यानं आईला सांगितलं, आईनं ओट्यावर जाऊन बुढ्याला सांगितलं. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाले, आणि त्यावर विचार करायला एक बिडी पेटवली.

पंचाईत अशी होती की लेकीची बसायची जागा म्हणजे तिच्या आबाजीची, मामाजींची मांडी. संध्याकाळी मळ्यातून आले की ते ओट्यावर बसायचे आणि ती पळत जाऊन मांडीत शिरायची. बैलांच्या, कोल्ह्याच्या, नाही नाही त्या गोष्टी चालायच्या. सगळ्या तालुक्यात त्याहून धुराची जागा नसेल. ती हसायची, मग खोकायची, मग परत हसायची. मी उचलून आणली की ती रडून घर डोक्यावर घ्यायची, आणि मामाजी असे पाहायचे, जसं मी त्यांच्यासमोरून भरलं ताट उचललं. मला लेकराचा श्वास पाहिजे होता आणि तिचा आबाजीही पाहिजे होता. दोन्हीतून एक निवडायची पाळी माझ्यावर येऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

मी टेबल फॅन दाराकडे तोंड करून लावला. त्यानं धूर बाहेर गेला आणि वारं फिरलं की खिडकीतून परत आला. मी त्यांची खाट लिंबाखाली टाकली. ते लिंबाखाली दोन झुरके मारायचे आणि उरलेली बिडी ओढत ओट्यावर यायचे, कारण लेक ओट्यावर असायची. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात शेडनेटमधली टमाट्याची रोपं बिघडली. पानं चट्ट्यापट्ट्याची झाली, कुठं हिरवी, कुठं पिवळी, आणि शेंडे आखडले. मामाजींनी फवारे मारले, खत बदललं, पाणी बदललं. रोपं काही ऐकेनात. शेवटी कृषी केंद्राचे शेठ स्वतः पाहायला आले. हे शेठ असे की कांदासुद्धा खात नाहीत. त्यांनी एक पान उलटंपालटं केलं आणि विचारलं की रोपाला हात कोण लावतो. मीच, असं मामाजी अभिमानानं म्हणाले. बिडी तेव्हा त्यांच्या कानावर होती. शेठनं कानाकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं.

"काका, हा बिडीचा हात हाय. यानंच गेली तुमची रोपं."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तंबाखू, टमाटा आणि मिरची ही एकाच भावकीतली. तंबाखूच्या पानातला रोग बिडीत राहतो, बिडीतून बोटाला लागतो आणि बोटातून रोपाला. भावकीतला रोग भावकीत लवकर पसरतो. ही रोपं उपटून जाळायची, नवं बी टाकायचं, आणि यापुढं बिडी पार धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन ओढायची, साबणानं हात धुवायचे, मग साय काढलेल्या दुधात बुडवायचे, कारण दुधानं तो रोग मरतो. शेडनेटचा सदरा वेगळा ठेवायचा. हे सगळं करून मगच रोपाला हात लावायचा.

मी भिंतीला टेकून ऐकत होते. धुऱ्यावर जा, हात धू, सदरा बदल. शब्द डॉक्टरांचेच होते. दूध तेवढं जास्तीचं होतं.

दुसऱ्या दिवशी मामाजी सकाळीच धुऱ्यावर गेले. येताना हात धुतले. दाराशी डबा ठेवला होता, त्या दुधात मनगटापर्यंत हात बुडवले. खिळ्याला टांगलेला धुतला सदरा घातला आणि आत गेले. एक शब्द नाही, एक कुरकुर नाही. रोज असंच. पोटही साफ होत असावं, कारण त्याबद्दल काही ऐकू आलं नाही. आणि संध्याकाळी हेच मामाजी जुना सदरा घालून, कानावर बिडी ठेवून ओट्यावर यायचे आणि लेकीला मांडीत घ्यायचे.

एक दिवस माझ्यानं राहवलं नाही. मी पोळ्या करत होते, ओट्यावरून लेकीचा खोकला ऐकू आला. तवा तसाच टाकून मी बाहेर गेले. सासूबाईंना काही सांगितलं नाही, सरळ त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मामाजी, रोपाले दूध अन् पोरीले धूर, हा कोणता न्याय हाय?"

सासूबाई निवडत होत्या त्या मेथीची जुडी तशीच हातात राहिली. नवऱ्याला मोबाईलमध्ये एकदम काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मामाजींनी मान खाली घातली. पोळी जळाली, ती मीच खाल्ली. माझी मर्यादेची कीर्ती त्या दिवशी संपली असं समजा.

मग मी म्हटलं, ठीक आहे. या मळ्यात जिथं बिडीला बंदी आहे अशी जागा एकच. मी लेकीची चटई, पाटी आणि बाहुली उचलली आणि शेडनेटमध्ये, ट्रेच्या रांगांमध्ये नेऊन ठेवली. मी रोपांना पाणी देणार, ती तिथं खेळणार. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. शेजारीण म्हणाली की हिनं पोरीचंच रोप लावलं. लावलं तर लावलं! पोर उजेडात होती, धुरात नव्हती. हळूहळू शिट्टी कमी झाली. पंप कोनाड्यात पडून राहायला लागला.

आणि तिचा आबाजीही तुटला नाही. आता संध्याकाळी मामाजी तिकडेच यायला लागले. धुऱ्यावरून यायचे, हात धुवायचे, दुधात बुडवायचे, सदरा बदलायचे आणि पालथ्या कॅरेटवर बसायचे. मग ती मांडीत जायची. कोल्ह्याच्या गोष्टी आता टमाट्याच्या रोपांनाही ऐकाव्या लागत होत्या. नियम लेकीला तोंडपाठ झाले. ती दारात उभी राहून प्रत्येकाला हात धुवायला लावायची. शेठ परत आले तेव्हा त्यांनाही लावले. ज्यांनी जन्मात बिडीला हात लावला नाही ते शेठ निमूटपणे हात धुऊन आत आले.

पण रोपं काय जन्मभर ट्रेमध्ये राहत नाहीत. लागवडीची वेळ आली, शेतकरी गाड्या घेऊन आले आणि रोपं गेली. चांगली, हिरवी, एका रंगाची रोपं गेली. शेडनेट रिकामं झालं. मी खाली ट्रे धुवत बसले होते, लेक चटईवर बाहुलीला जेवू घालत होती. दाराशी दुधाचा डबा नव्हता. कोणासाठी ठेवायचा? खिळ्यावरचा सदरा सासूबाईंनी धुवायला नेला होता. तेवढ्यात मला वास आला, आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला.

मामाजी सरळ बांधावरून आले होते. कानावर बिडी, अंगात तो जुना सदरा. त्यांचं काही चुकलं असं त्यांना वाटलंच नसावं. रोपं नाहीत तर नियम कशाचा? ते जाळीचं दार उचलून आत वाकले. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात लेक उठून दारात गेली आणि आडवी उभी राहिली.

"आबाजी, हात धुवा."

"आता कायले व माय? रोपं तर गेली सारी."

लेकीनं मागं वळून रिकाम्या मांडवाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. तिला प्रश्नच कळला नव्हता.

"मी आहो ना."

मामाजी तसेच वाकलेले राहिले. माझ्या हातातला ट्रे पाण्यात सुटला. मग ते मागं सरले, सरळ उभे झाले, कानावरची बिडी काढली आणि हौदाकडे गेले. साबण घासघासून हात धुतले, सदरा काढून लिंबावर टाकला आणि बनियनवर परत आले. दोन्ही हात तिच्यासमोर धरले. लेकीनं हात नाकाला लावले, जसं शेठ पानं पाहायचे तसं दोन्ही बाजूंनी पाहिले, आणि मान हलवली. अजून वास येत होता.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते माझ्याशी सरळ कधी बोलले नव्हते, मधे सासूबाई लागायच्या. त्यांचे डोळे भरले होते.

"सूनबाई, घरात दूध हाय काय?"

होतं ते चहापुरतं होतं. मी ते सगळं आणून दिलं. साय काढायला थांबले नाही. त्यांनी हात बुडवले, लेकीनं परत वास घेतला आणि मग त्यांना आत सोडलं.

त्या संध्याकाळी घरात सगळ्यांनी कोरा चहा घेतला. सासूबाई एवढंच म्हणाल्या की उद्यापासून दूध पावशेर जास्त सांगून ठेव.